ई-मेलवर हात वर

मंडळी, आज दुपारचं लगेच लिहून टाकतो, नाहीतर राहूनच जाईल.

आमच्या सातपूरच्या कारखान्यात कंत्राटी कामगारांना युनियनमध्ये घ्यायचं का, यावर सगळ्यांचं मत हवं होतं. गेटवर सभा घ्यायला कंपनीने बंदी केलीय, म्हणून पहिल्यांदाच युनियनच्या ई-मेल ग्रुपवर विचारायचं ठरलं. गंगापूर रोडच्या सायबर कॅफेत मी टाईप करत होतो. आमचे अध्यक्ष, अण्णा, शेजारी उभे राहून गेटसभेच्या आवाजात सांगत होते, "लिही, ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

"अण्णा, ई-मेलवर हात कसा दिसणार?"

"तू लिही रे. आपल्या लोकांना कळतं."

लिहिलं. चहा संपायच्या आत उत्तरं सुरू झाली. जो तो एकच लिहीत होता, 'हात वर'. अण्णा एकेक नाव मोठ्याने वाचत होते.

मग सुट्टीवर चांदवडला गेलेल्या तात्यांचं उत्तर आलं. प्रेस मशीनमध्ये तात्यांचा उजवा हात गेला, तेव्हापासून ते सभेत मागे बसतात आणि हात वर करायची वेळ आली की पाणी प्यायला म्हणून उठून जातात. आम्ही कुणी त्यांना कधी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतं का?

आज त्यांनी मुलीकडून टाईप करून घेतलं होतं, 'अण्णा, माझे दोन्ही हात वर.'

अण्णांनी हे मोठ्याने वाचलं नाही. चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले.

मग म्हणाले, "त्याला लिही, दिसले."