दयारामच्या वहीतला रिकामा रकाना

दयारामच्या मुलीचा, वैशालीचा, फोन आला तेव्हा दुपारचे जेवण आटोपून मी नुकताच आडवा झालो होतो. "काका, बाबा गेले," एवढेच ती म्हणाली. मी कधी, कसे, सगळे विचारले. फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. आता ते माहीत असलेला माणूस उरला नाही... असा तो विचार होता. त्याची लाज वाटते, म्हणून तोच आधी लिहून टाकतो. त्याला आता महिना होत आला.

भंडाऱ्याजवळच्या एका कारखान्यात मी देखभाल विभागाचा प्रमुख होतो आणि दयाराम माझ्या हाताखाली इलेक्ट्रिशियन. अड्याळचा. घरी पिढ्यान्‌पिढ्या तलावातली मासेमारी. आयटीआय करून कारखान्यात आलेला घरातला तो पहिलाच. आमच्याकडे पोलादी पत्र्याचे तुकडे कापणारे एक जुने परदेशी यंत्र होते. पत्रा धावत असताना सुरी त्याच्या बरोबरीने धावायची आणि धावता धावता कापायची. तिने किती वेगाने धावायचे, कुठे थांबायचे, हे तिला पळवणाऱ्या सर्वो मोटरला सांगणारा कंट्रोलर कपाटाएवढ्या पॅनेलमध्ये बसवलेला होता. त्याचे सुटे भाग मिळणे कधीच बंद झाले होते. ते यंत्र चालत होते ते दयाराममुळे.

एकदा तुकडे कमीजास्त भरू लागले. कधी दोन मिलिमीटर आखूड, कधी तीन लांब. पुण्याहून इंजिनिअर आला, लॅपटॉप लावून दोन दिवस बसला आणि कंट्रोलरच बदला म्हणून सांगून गेला. त्याची गाडी फाटकाबाहेर पडली तसा दयाराम खाली बसला. पत्र्याची धाव मोजणाऱ्या एन्कोडरची केबल दोन बोटांत धरून, डोळे मिटून, तो वीत वीत पुढे सरकू लागला. मी म्हटले, "मंत्र मारून राहिला का रे?" तो म्हणाला, "जाळं तपासून राहिलो, साहेब. दोरी आतून तुटली त डोळ्याले दिसत नाही, बोटाले समजते." केबल जिथे सारखी वाकायची तिथे त्याचे बोट थांबले. वरचे आवरण शाबूत आणि आतली एक तार तुटलेली. यंत्र हलले की टोके भिडायची, सुटायची. केबल बदलली आणि तुकडे बरोबर येऊ लागले. अहवाल वर गेला तो माझ्या सहीने. त्यात दयारामचे नाव घालायचे राहून गेले... राहून गेले, असेच मी तेव्हा स्वतःला सांगितले.

त्याची एक वही होती. तारीख, काय बिघडले, काय केले आणि कोणामुळे, असे चार रकाने. चौथ्या रकान्यात तो कोणाचीच भीड ठेवत नसे. स्वतःची चूक असली की सरळ 'मी' लिही. एकदा त्यात माझे नाव दिसले. "माझं कशाला लिहिलंस रे?" "मंग कोणाचं लिहू जी? चुकीचा फ्यूज त तुम्हीच टाकला!" सगळे हसले. मलाही हसावे लागले. वहीच्या मागच्या पानांवर त्याने कंट्रोलरमधला एकेक आकडा उतरवून ठेवला होता, कारण पॅनेलचा मेन स्विच बंद झाला की हे आकडे एका लहानशा बॅटरीच्या जिवावर टिकायचे. ती बॅटरी आता मरायला टेकली होती. नवी बसवायची तर मेन चालू असतानाच बसवावी लागे. तोवर पॅनेल बंद करू नये, अशी चिठ्ठी त्याने दारावर चिकटवली होती. नव्या बॅटरीसाठीचा त्याचा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात पडून होता. त्याने दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा मी "पाहतो" म्हणालो.

दसऱ्याला आमच्याकडे सगळी यंत्रे धुऊन, पुसून, बंद करून पुजायची पद्धत होती. झेंडूची माळ, हळदीकुंकू, आपट्याची पाने. फक्त या पॅनेलचा दिवा दयाराम जळता ठेवायचा. "तिले झोपू द्या, पण जीव नका काढू," म्हणायचा. त्या वर्षी घरच्या जाळ्यांची पूजा होती, म्हणून तो अड्याळला गेलेला. मालक पूजेला आले, दिवा पाहून थांबले. "सणाच्या दिवशी तरी हिला विश्रांती द्या." ती चिठ्ठी माझ्यासमोर होती. पण बॅटरी संपत आलीय म्हटले असते, तर नवी का आणली नाही हेही सांगावे लागले असते. मालक पुढे गेल्यावर मी खणातली दुसरी किल्ली आणली, कोणी पाहत नसताना पॅनेल उघडले आणि मेनचा दांडा खाली केला. संध्याकाळी सगळे गेल्यावर पुन्हा चालू केला. हिरवा दिवा लागला. सुटलो, असे वाटले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरने बटण दाबले आणि सुरी थांबायच्या जागी थांबलीच नाही. कंट्रोलरची सगळी आठवण पुसली गेली होती. सुरी थेट टोकाला जाऊन आदळली. कोणाला लागले नाही, पण तिला पुढे-मागे नेणारा लांब स्क्रू वाकला. दयारामने पॅनेल उघडले, आत वाकून पाहिले. मग हळूच म्हणाला, "साहेब, मेनच्या दांड्यावर कुंकू हाय."

"पूजा होती ना काल," मी म्हणालो.

"पूजा त बाहेरून करते जी." त्याने खिशातले फडके काढले. "पुसून टाकतो. नाही त बोट सरकते."

चौकशीत मला एकच प्रश्न आला. पॅनेलची किल्ली कोणाकडे असते? मी म्हणालो, "दयारामकडे." ते खोटे नव्हते. दुसरी किल्ली माझ्या खिशात होती आणि तिच्याबद्दल कोणी विचारले नाही. त्या सकाळी सर्वांआधी दयारामच आला होता, म्हणून पॅनेल त्यानेच बंद केले असे धरले गेले; मालकांना आपले सणाचे बोलणे आठवलेही नाही. माझ्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती... दयाराम समोरच उभा होता. त्याने कुंकवाचा विषय काढला नाही. नवा स्क्रू आल्यावर तीन दिवस बसून, वहीत पाहून, त्याने सगळे आकडे पुन्हा भरले आणि यंत्र चालू करून दिले. चौथ्या दिवशी त्याला येऊ नको म्हणून सांगण्यात आले.

आसपासच्या कारखान्यांतही मग त्याला कोणी घेतले नाही. अड्याळला त्याने पंपाच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचे दुकान टाकले. "दयारामभाऊ, मोटर देतो, पण मालकाच्या मशीनसारखी करून नोको ठेवजा!" असे लोक त्याला म्हणत. मी दुकानात बसलेलो असताना एकजण हे म्हणाला. दयाराम हसला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही, हे मला आजही विसरता येत नाही. सांगून टाकू, या विचाराने मी भंडाऱ्याहून एसटीने किती वेळा त्या दुकानात गेलो असेन! दर वेळी चहा घेतला, पाऊसपाण्याच्या गोष्टी केल्या आणि परतलो. शेवटच्या भेटीत तो बराच खंगला होता. मी उठलो तेव्हा म्हणाला, "काही बोलाचं होतं का साहेब?" मी म्हणालो, "नाही रे, सहजच आलो होतो." त्याने मान हलवली. "येजा मंग."

तेरवीला गेलो तेव्हा वैशालीने ती वही माझ्यापुढे ठेवली. वडिलांवरचा डाग घेऊनच ती लहानाची मोठी झाली. तिने दसऱ्यानंतरचे पान उघडले. तारीख होती. 'मेमरी गेली, स्क्रू वाकला' होते. 'आकडे पुन्हा भरले' होते. चौथा रकाना रिकामा. "काका, बाबा त सगळ्यायचं नाव लिवत. सोताचंबी. इथंच काहून नाही लिवलं?"

भोवती माणसे होती. मी म्हणालो, "राहून गेलं असेल, बेटा." तेव्हाही मी खोटेच बोललो. "मंग तुम्हीच ठेवा वही, तुम्हाले समजते ते," ती म्हणाली.

तेव्हापासून वही माझ्या टेबलावर आहे. पानांना ग्रीसचा वास येतो. त्या रकान्यात नाव लिहायला मी पेन उघडला होता, पण थांबलो. दाराआड, एकट्याने, कोणी पाहत नसताना मी एकदा तो दांडा खाली केला होता. हे नाव तसे लिहायचे नाही. वैशाली, मेन स्विच मी बंद केला. हे छापून आले की मी अड्याळला येईन. वही तुझ्यापुढे ठेवीन, पेन तुझ्या हातात देईन आणि माझे पूर्ण नाव एकेक अक्षर सांगेन. तोवर रकाना रिकामाच आहे.