रोजचा एक खडा

बटलरच्या तोंडात एकही दात नव्हता, आणि मटण कसं चावायचं हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनीच शिकवलं. समोर पाटावर बसून ते रिकाम्या हिरड्या हलवून दाखवत. उजवीकडे आठ वेळा, डावीकडे आठ वेळा, मग रस गिळायचा आणि चोथा थुंकायचा. मी तोंड वाकडं केलं की म्हणत, "अप्पासाब, मेरेकू दांत नै तो मैं चबातूं. तुमारे कायकू हैं? शोभा के वास्ते?"

नाव त्यांचं वेगळं होतं, पण बोळातले सगळे त्यांना बटलर म्हणत. होटगी जंक्शनवर आगगाडीचे गोरे ड्रायव्हर आणि गार्ड उतरत, त्यांच्यासाठी त्यांनी तीस वर्षं रांधलं. साहेबांच्या ताटातलं उरलेलं पुडिंग खाऊन खाऊन दात गेले, असं ते स्वतःच सांगत. बायको वारल्यावर सोलापुरात जावयाकडे राहायला आले. जावई टांगा हाकायचा. नव्या पेठेच्या मागच्या बोळात त्यांची एक खोली होती. तिथं ते चहात बुडवलेली भाकरी आणि गूळ एवढ्यावर जगत. मटणाला दात गेल्यापासून शिवले नव्हते.

मी गुळाचा व्यापारी. माढ्याकडच्या खेड्यातून आलो तेव्हा माझ्या डोक्यावर एक ढेप होती, आणि तीही दुसऱ्याची. पुढं जे झालं ते माझ्या जिभेनं झालं. जीभ दोन कामं करायची. भाव पाडताना भांडायची आणि ढेप घेताना चाखायची. दिवसात तीस-चाळीस ढेपांचा एकेक कपचा तोंडात जाई. आम्ही वाणी, कडक शाकाहारी. रस्त्यात अंडं फुटलेलं दिसलं तर आई वळसा घालून जायची.

बटलर आठवड्याला पावशेर गूळ न्यायला यायचे. पावशेर गुळासाठी ते जेवढी घासाघीस करत, तेवढी लोक म्हैस घेताना करत नाहीत. एकदा अशीच आमची जुंपली असताना ते मधेच गप्प झाले. माझ्या पायाकडे बघत होते. डाव्या पायाला महिनाभर जखम होती, फडकं बांधलेलं होतं. बोलता बोलता मी तिसरा तांब्या पाणी प्यायलो होतो.

"अप्पासाब, तुमच्या चपलेला मुंग्या कशापायी?"

"गुळाचं दुकान आहे. मुंग्या नसतील तर काय मोर येतील?"

"गूळ तर तिकडं पोत्यात हाय. तिकडं एक बी मुंगी न्हाय. ह्या चपलेला कशापायी?"

मला राग आला. मी म्हणालो, गूळ घ्या आणि चालू लागा. ते गेले नाहीत. होटगीला एक ड्रायव्हर होता, त्याच्याही बुटाला मोरीवरून आल्यावर मुंग्या लागत, पाणी ढसाढसा प्यायचा, पाय सडला, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्याच्या डॉक्टरनं भाकरी, बटाटा, साखर सगळं तोडलं आणि नुसतं मांस, अंडी, लोणी यांवर ठेवलं. "दोन साल मैंने पकाया. पाय राहिला त्याचा. पर मैं डॉक्टर नै, बबर्ची हूं. तुमी डॉक्टर बघा."

डॉक्टर बघितला. त्यानंही तेच सांगितलं. मधुमेह, लघवीतून साखर जाते. विलायतेत नवं इंजेक्शन निघालंय, पण इथं मिळेल तेव्हा मिळेल. तोवर धान्य, कडधान्य, गूळ बंद. मांस, अंडी, तूप, जमली तर पालेभाजी. दोन महिन्यांत जखम भरू लागली नाही तर घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल.

हे मी आधी थोरल्या भावाच्या कानावर घातलं. ज्याला मी हाताला धरून नव्या पेठेत गादीवर बसवलं, तोच हा भाऊ. तो म्हणाला, "पाय गेला तर काठी घेता येते. जात गेली तर काय घेशील?" मी तसाच उठलो. हे वाक्य मी विसरलेलो नाही, आणि इतक्या वर्षांनी विसरण्याचा विचारही नाही. बायको मात्र दारामागून ऐकत होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "तुमी खावा. हितं न्हाय, कुटं बी खावा. पर पायावर उभं राहून घरी या."

बटलरकडे गेलो, मला रांधून घाला म्हणालो आणि सवयीनं विचारलं, काय घ्याल? ते म्हणाले, मटणाचे पैसे खाटकाला द्या. मला रोज एक खडा गूळ. पण तो तुमी तुमच्या हातानं फोडायचा, तुमीच आणायचा. गडी पाठवायचा न्हाय.

मला वाटलं, सौदा स्वस्तात पटला. तो किती महाग होता हे पहिल्या दिवशी खडा घेऊन गेलो तेव्हा कळलं. ते म्हणाले, "हात बताव." माझी बोटं त्यांनी उजेडात धरली, उलटसुलट करून बघितली. स्वच्छ होती. वाटेत मी ती चाटली होती. चाटली हे मला कळलंही नव्हतं, इतकी ती सवय अंगात मुरलेली. ते म्हणाले, "उद्या बोटं चिकट पायजेत." दुसऱ्या दिवशी बोटं चिकट होती. मग त्यांनी स्वतः तांब्यानं माझ्या हातावर पाणी घातलं आणि जेवायला बसवलं. पुढं दर दिवशी हेच. आधी बोटं बघायची, मग पाणी, मग ताट.

त्यांच्या दाराशी एक खुंटी होती. मी आत शिरताना रुमाल काढून तिला अडकवायचो. डोक्यावर रुमाल ठेवून मला ते खाणं जमेना. बटलरनी पहिल्यांदा हसून बघितलं आणि म्हणाले, "हौ, बराबर. व्यापारी बाहर टंगा दिया. अब अप्पा अंदर आओ." माझं ताटही त्यांनी वेगळं ठेवलं होतं. घरात दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू देत नसत. माझं सोवळं माझ्यापेक्षा तेच जास्त सांभाळत.

स्वयंपाक साहेबी. मसाला नाही, कांदा नाही. मीठ, मिरी आणि पाणी, आणि हळू जाळ. पहिला आठवडा फक्त रस. मग चावून चोथा थुंकायचा. मग एकेक तुकडा. आणि तुकड्यांवर आमचा रोजचा सौदा.

"आज चार," मी म्हणायचो.

"आठ."

"बरं, पाच."

"नऊ."

मी एकानं नमलो की ते एकानं चढायचे. आयुष्यभर मी ज्या बाजारात उभा होतो तिथं असं कुणी केलं नव्हतं. सहा म्हणालो तर दहा झाले. सौद्याच्या चौथ्या दिवशी मी आठालाच मान डोलावली. ही युक्ती पुढं मी गुळाच्या सौद्यात वापरली आणि अजून वापरतो. कुठून शिकलो हे आज पहिल्यांदा सांगतो आहे.

पण ते दिवस वाईट गेले. तिसऱ्या दिवसापासून डोकं फुटायला आलं. उठलो की डोळ्यांपुढं अंधार. पोटऱ्यांत गोळे. तोंडाला पिकून गेलेल्या केळ्यासारखा वास. पोट कधी गच्च, कधी ढिलं. भाकरी आणि शेंगांची चटणी एवढाच विचार डोक्यात. दुकानात दोन गिऱ्हाइकं शिव्या देऊन घालवली. बटलरना म्हणालो, तुम्ही मला मारणार. त्यांनी रश्शात चिमूट नव्हे, मूठभर म्हणावं असं मीठ घातलं आणि वाटी पुढं केली. "ड्रायवर बी ऐसाच बोलता था. पियो. गाळी बाद में देव." प्यायलो. तासाभरात पोटऱ्या सुटल्या. पुढं चक्कर आली की मीठ घातलेला रस्सा, हे मीच मागू लागलो.

तीन आठवडे झाले असतील. एका सकाळी उठलो आणि उशाचा तांब्या बघितला. काठोकाठ भरलेला होता. आधी तो पहाटेपर्यंत दोनदा रिकामा व्हायचा. मी बायकोला हाक मारली. ती आली, तांब्याकडे बघितलं, आणि त्यातलं पाणी तुळशीला घालून आली.

परसात लघवीच्या जागी मुंग्या येईनाशा झाल्या. जखमेच्या कडा गुलाबी झाल्या, मग आत सरकू लागल्या. धोतराची गाठ घट्ट करावी लागली, पण अंगात ताकद आली. डॉक्टरनं पाय दाबून बघितला आणि तो काढायची तारीख पुढं ढकलली.

आता चाखायचं कसं, हा धंद्यातला प्रश्न होता. त्यातही मी फायदा काढला. रोज वेगळ्या ढेपेचा खडा बटलरना नेऊ लागलो. ते हिरड्यांत धरून डोळे मिटत आणि सांगत, ह्यात चुना ज्यादा पडला. हा खाऱ्या विहिरीचा ऊस. हा अच्छा, पर उद्या काळा पडेल. एकदाही चुकले नाहीत. माझी जीभ त्यांच्या तोंडात राहायला गेली होती आणि ते तिला चांगलं सांभाळत होते.

मग थोरल्याच्या मुलीचं लग्न आलं. आमंत्रण रीतसर आलं, मी रीतसर गेलो. पंगत मांडवात होती. माझं पान ओट्यावर, एकट्याचं, चपलांच्या शेजारी. वाढणारा पोरगा नजर चुकवत होता. बायको घरात बायकांत होती, तिला कळलं नाही. मी उठून जायला हवं होतं. त्याऐवजी बसलो. मनात म्हटलं, यांचं अन्न यांच्यासमोर खाऊन दाखवतो, म्हणजे मी यांच्यातलाच आहे हे यांच्या डोळ्यांना दिसेल. गूळ-शेंगदाणे भरलेल्या शेंगापोळ्या चार खाल्ल्या. वर तूप-गूळ मागून घेतला. भात दोनदा घेतला. मांडवातलं कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं.

दोन दिवस मी तसाच रागारागात सगळीकडे जेवत फिरलो. तांब्या पुन्हा रिकामा होऊ लागला. पाचव्या दिवशी फडकं सोडलं तर जखमेचं तोंड उघडलेलं. बटलरकडे खडा घेऊन गेलो. बोटं चिकट होती. त्यांनी बोटं बघितली, मग पाय बघितला, आणि खडा घेतला नाही.

"घ्या की."

"नक्को. माझा हिस्सा तुमी तितं खाल्ला."

आठ दिवस ते गुळाशिवाय राहिले. मला रस्सा देत, तुकडे मोजत, हातावर पाणी घालत, पण खडा घेत नसत. चहात नुसती भाकरी बुडवून माझ्यासमोर खात. मी दरडावलं, विनवलं, दुप्पट खडा देतो म्हणालो. माझ्या सगळ्या आयुष्यात एवढा वाईट सौदा मी केला नाही. नवव्या दिवशी फडकं सोडून पाय त्यांच्यापुढं केला. कडा पुन्हा आत सरकल्या होत्या. त्यांनी हात पुढं केला. खडा घेतला, हिरड्यांत धरला आणि म्हणाले, "चुना ज्यादा."

त्या दिवशी ओट्यावरच्या पानाची सगळी हकीकत मी सांगितली. आवाज चढला असणार, कारण जावई डोकावून गेला. बटलर ऐकत राहिले. मग म्हणाले, "अप्पासाब, तुमना मैंने क्या सिखाया? रस गिळा, चोथा थुंका. भाई का चोथा अब तक मुंह में पकड़ के बैठे." ते खरं होतं. पण त्यांचं एवढंच मी ऐकलं नाही.

पाय राहिला. पुढं इंजेक्शनही सोलापुरात मिळू लागलं, डॉक्टरनं थोडं थोडं दिलं, ताटात पालेभाजी आणि अर्धी भाकरीही परत आली. प्रत्येकाला हेच मानवेल असं मी म्हणत नाही. बटलरही कधी म्हणाले नाहीत. मला मानवलं. त्यांच्याकडे जेवण्याची गरज संपली तरी खडा रोज नेत राहिलो. तसाच हातानं फोडून. ते बोटं बघत, पाणी घालत, आणि आम्ही पावशेराच्या भावावरून भांडत बसत असू.

एका सकाळी खडा घेऊन बोळात शिरलो तर दाराशी माणसं होती. ते पहाटे गेले होते. जावई म्हणाला, होटगीला सासूबाईंच्या शेजारी जागा आहे, तिथंच न्यायचं सांगून गेलेत. नव्या पेठेतून जनाजा निघाला. मीही खांदा दिला. थोरल्याच्या दुकानासमोरून गेलो तेव्हा तो गादीवरून उठून उभा राहिला आणि आम्ही पुढं जाईपर्यंत उभा होता. तो उभा राहिला, हे इथं लिहायला हवं म्हणून लिहितो. त्याच्याशी मी अजून बोललेलो नाही.

पेठ संपल्यावर जनाजा छकड्यात ठेवला. जावई म्हणाला, अप्पा, तुमी टांग्यात बसा, पाय दुखंल. मी बसलो नाही. होटगीपर्यंत चाललो. पाय दुखला नाही.

माती दिल्यावर खिशात हात घातला तर खडा तिथंच होता, उन्हानं पाघळलेला. तो जावयाच्या हातावर ठेवला. "त्यांचा आहे," म्हटलं.

परत फिरताना स्टेशनवर नळ दिसला. तिथूनच ते तीस वर्षं साहेबांसाठी पाणी भरत असतील. बोटं चिकट होती. मी ती एकदा उजेडात धरली, उलटसुलट करून बघितली. मग नळाखाली धुतली.