चौदा इंची चाकं

माझी आत्या शाळांचे गणवेश शिवते. तिच्या दुकानात दोन मशिनी आहेत, कापायचं एक लांब टेबल आहे आणि टेबलाखाली चार टायर. माप द्यायला आलेल्या बायका विचारतात, "हे काय हो इथे?" आत्या ओठांत धरलेल्या टाचण्या काढून सांगते, "शर्यतीचे आहेत." बायका हसतात. आत्याही हसते, पण ती खरंच सांगत असते.

गाडी ती चाळिशीत शिकली, तीही गणवेशांचे गठ्ठे शाळांत पोचवायला कोणी मिळेना म्हणून. मग एकदा कुठल्याशा मोटार क्लबने स्वयंसेवकांसाठी तीस नारिंगी जाकिटं शिवायला दिली. ती पोचवायला आत्या गेली आणि जेवायच्या वेळेपर्यंत परतलीच नाही. आतोबा शोधत गेले, तर ही बंद कारखान्याच्या सिमेंटच्या आवारात, कठड्याला टेकून, उन्हात उभी. समोर प्लास्टिकचे नारिंगी कोन मांडून वळणावळणाचा रस्ता आखलेला, आणि त्यातून एकेक गाडी घड्याळाशी झुंजत सुटलेली. "अहो, या आपल्यासारख्याच गाड्या आहेत," एवढंच ती म्हणाली. आतोबा सांगतात की त्या क्षणीच त्यांनी हात टेकले.

खेळ सोपा आहे. चार फेऱ्या मिळतात, त्यातली सगळ्यात चांगली धरतात. कोनाला धक्का लागला तर दोन सेकंदांचा दंड. नवशिक्यांच्या गाडीला मागे पिवळी पट्टी असते. साठ सेकंदांच्या आत फेरी झाली की ती निघते आणि माणूस मोठ्या गटात जातो. तीन हंगामांत निघाली नाही, तर नव्यांसाठी जागा सोडायची. आत्याचा हा तिसरा हंगाम होता, आणि तिचं घड्याळ एकसष्टाच्या खाली उतरत नव्हतं.

तेव्हा तिने एक चूक केली. मोठ्या गटातल्या गाड्यांची चाकं पाहून तिनेही सतरा इंची, काळी, चकचकीत चाकं बसवली आणि त्यांवर खास ट्रॅकचे टायर चढवले. गाडी दिसायला लागली फार रुबाबदार. वेळ लागला त्रेसष्ट सेकंद.

"बाळाच्या पायात बापाचे बूट!" टायरवाला म्हणाला. गावभरच्या गाड्यांत हवा भरतो म्हणून त्याला सगळे हवालदार म्हणतात.

"बसवलीत कुणी? तुम्हीच ना?" आत्या कडाडली.

"ताई, तुम्ही मागितलीत, मी बसवली. तुमच्यापुढे बोलायची माझी काय टाप!"

त्या आठवड्यात आत्याने न्हाणीघरातला वजनकाटा दुकानात आणला. चाक उचलून काट्यावर उभी राहायची, मग चाक ठेवून एकटी. आतोबांनी आकडे लिहायचे.

"माझं वजन लिहू नका."

"अगं, मग वजाबाकी कशी करू?"

"मनात करा!"

काळं चाक टायरसकट जुन्यापेक्षा पाच किलोंनी जड निघालं. म्हणजे गाडीच्या इंजिनाला प्रत्येक वळणानंतर चार जड चाकं नव्याने फिरवावी लागत होती. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासायचा. ट्रॅकच्या टायरचं तर आणखीच वेगळं. तो तापल्याशिवाय पकड धरत नाही, आणि तापायला त्याला चांगल्या तीन-चार मोठ्या फेऱ्या लागतात. आत्याची फेरी मिनिटाची. टायरला जाग येईपर्यंत ती संपलेली असायची.

मग ती तिच्या पद्धतीने विचार करू लागली. गिऱ्हाईक मोठं दिसायला मोठा शर्ट मागतं, पण धावणाऱ्या मुलाला मापाचाच लागतो. तिने चौदा इंची, वजनाला हलकी चाकं निवडली. टायर रोजच्या रस्त्याचेच, पण मऊ रबराचे, थंड असतानाही धरणारे. हवालदार आणखी रुंद टायर सुचवत होता. आत्याने पट्टी लावून चाकाची रुंदी मोजली आणि मान हलवली. "अरुंद चाकावर रुंद टायर फुगतो. काखेत चोळामोळा झालेला शर्ट मी गिऱ्हाइकाला देत नाही."

हंगामाच्या शेवटच्या रविवारी मीही गेले. आत्या गाडीपाशी उकिडवी बसून, कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने टायरच्या कडेवर रेघा ओढत होती. शेजारचा तरुण म्हणाला, "काकू, टायरला बाही लावताय का?"

"कॉलर," आत्या मान वर न करता म्हणाली.

पहिली फेरी साठ पूर्णांक नऊ. तिने वाकून पाहिलं. टायरच्या कडेला एक लहान त्रिकोण असतो. जमिनीला घासून खडू तिथवरच पुसला जायला हवा. तो त्रिकोणाच्याही पुढे, चाकाच्या मध्याकडे बोटभर पुसला गेला होता. म्हणजे हवा कमी, वळणावर टायर आडवा पडतोय. तिने हवा वाढवली. दुसरी फेरी साठ पूर्णांक चार, पण आता खडू त्रिकोणापर्यंत पुसलाच नव्हता. "जास्त झाली," म्हणत तिने थोडी सोडली.

तिसऱ्या फेरीला फलकावर एकोणसाठ पूर्णांक आठ आलं. आतोबांनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. तेवढ्यात नारिंगी जाकिटातल्या माणसाने झेंडा उचलला. शेवटून दुसरा कोन पडला होता. अधिक दोन.

आत्या गाडीतून उतरलीच नाही. मी खिडकीशी गेले. ती ओठ मिटून पुढे पाहत होती, अगदी सुईत दोरा ओवताना पाहते तशी.

"हवा बघू का?" मी विचारलं.

"हवा बरोबर आहे. खडू बरोबर पुसलाय. आता चूक असेल ती माझीच," ती म्हणाली, आणि या बोलण्याने तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

चौथ्या फेरीत टायर किंचाळले नाहीत. लहानशी गाडी एका कोनाकडून दुसऱ्याकडे कात्रीसारखी सरळ, बिनआवाज जात राहिली. शेवटून दुसऱ्या कोनापाशी तिने वेग सोडला, वळली, पुन्हा धरला. कोन जागचा हलला नाही. फलक उजळला: एकोणसाठ पूर्णांक नऊ.

आतोबा वेळ मोजायचं घड्याळ हातात धरून तसेच धावत सुटले. हवालदार दोन्ही हातांनी गाडीचं छत बडवू लागला. पिवळी पट्टी सोलायला आत्याने कोणाला हात लावू दिला नाही. तीन वर्षांचा डिंक, नखांनी खरवडत बसली.

मग क्लबच्या माणसाने मोठ्या गटाची नवी यादी टेबलावर ठेवली. आत्याने चष्मा लावून बोट वरून खाली नेलं, खाली, आणखी खाली, पार तळाशी.

"चाळीस जणांत चाळिसावी!" ती आनंदाने ओरडली. "अहो, इकडे या ना! सगळ्यात शेवटी आहे मी!"