मेसमधला मासा

आम्ही निघालो त्या दिवशी धक्क्यावर अख्खी गल्ली लोटली होती. शेजारची मार्नी आणि तिची गरोदर लेक युली, दोघी रडत होत्या. माझ्या नवऱ्याला, विवेकला, मात्र बोट सुटायची घाई. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या किनाऱ्यावरच्या त्या सोन्याच्या गावातून थेट सिंगापूरच्या ऑफिसात बदली, म्हणजे स्वारी खूश!

ठाण्याहून आई फोनवर म्हणायची, "सोन्याच्या गावात राहतेस आणि गळ्यात तेच जुनं मंगळसूत्र?" काय सांगणार तिला, कप्पाळ! निम्मे पुरुष विवेकच्या कंपनीच्या खाणीत. उरलेले परसात दगड भरडून, पारा घालून कणभर सोनं काढायचे. खाणीचा गाळ समुद्रात, पाऱ्याचं पाणीही समुद्रात. आणि त्याच समुद्रातला मासा दोन्ही वेळा ताटात.

साहेबांच्या ताटात नव्हे हं! कंपनीच्या मेसमध्ये मासा सिंगापूरहून बर्फात घालून विमानाने यायचा. मी विवेकला विचारलं, "इथला का नाही खात तुम्ही लोक?" तर म्हणे, "अगं, रिपोर्टमध्ये सगळं लिमिटच्या आत आहे." मग विमानं कशाला उडवता, मेल्यांनो? स्वारी बुटाची नाडी बांधण्यात गर्क.

म्हणून निघताना मीच युलीला बाजूला घेतलं. पोटातल्या बाळाला पारा बाधतो, पुढे दुधातूनही उतरतो, इथला मासा खाऊ नकोस, डोंगरात मावशीकडे जाऊन राहा, असं बजावलं. पोरगी शहाणी, गेली.

इथे सिंगापुरात आमचा फ्लॅट क्वीन्सटाउनला, विवेकचं ऑफिस हार्बरफ्रंटला. रविवारी ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या बाजारात, आपली मंडळी जमतात, बहुतेक फायनान्सवाली. "वहिनी, गोल्ड अजून वर जाणार, घेऊन ठेवा!" खेकड्याची नांगी चोखत अक्कल पाजळतात. "तुम्हाला काय, खाणीच्या भावात मिळत असेल!" एकदा मी गावाचं सांगायला लागले, तर एकीने नाक मुरडलं, "ई, जेवताना नको ना!" माझी मुलगीसुद्धा त्यांच्यातलीच, बोलण्याला इथला 'लाह' चिकटलेला. "मम्मी, चिल लाह!" ओळखलंत ना स्वतःला, रविवारच्या मंडळींनो? ओळखा. तुमच्यासाठीच लिहितेय.

मग एका संध्याकाळी मार्नीचा फोन आला. युलीला मुलगा झाला होता, चांगला धडधाकट. मला रडू आवरेना. मार्नी म्हणाली, "साहेबांना विचार ना, माझी लेक आता घरी कधी येऊ शकेल? बाळाला अंगावर पाजतेय ती. त्यांना माहीत असेल."

विवेक सोफ्यावर होता. मी जसंच्या तसं विचारलं. "सगळं लिमिटच्या आत आहे ना? मग सांगू तिला, ये म्हणून?" फोन माझ्या हातात चालूच होता. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टीव्हीचा आवाज तेवढा वाढवला.

"नको गं," मी मार्नीला म्हटलं, "अजून नको." मग तिने फोन ठेवला.

आता आम्हाला पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, मिळालाय. विवेक सगळ्यांना सांगतो, हेच आपलं घर. सांगो बापडा. एका ओल्या बाळंतिणीला ज्याला धड 'ये' म्हणता आलं नाही आणि 'नको'ही म्हणता आलं नाही, त्याच्या छपराखाली मी राहते. घर म्हणत नाही.