शेवया होईपर्यंत थांबलेली जप्ती

मांडवगण फराट्यात आमचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत आम्ही, दुसरीत आईचं शेवयांचं मशीन. वडील दुसऱ्याची जीप चालवायचे, माणसं शिरूरला पोचवायचे. उन्हाळ्यात मशीन पोसायचं, बाकीचे महिने जीप. माझी कॉलेजची फी आणि एसटीचा पासही त्यातूनच. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते.

जीपमध्ये माणसं कोंबली म्हणून वडिलांवर केस झाली. शिरूरच्या कोर्टानं दंड केला, भरायला मुदत दिली. मालकानं जीप काढून घेतली. वडील मात्र निवांत. "गाडी त्याची, म्हंजी दंडबी त्याचाच." हा त्यांचा कायदा. मालकाचा कायदा वेगळा होता आणि कोर्टाचा तर त्याहून वेगळा.

मुदत संपली. ऐन चैत्रात एका सकाळी हवालदार वॉरंट घेऊन दारात. दंड भरा, नाहीतर तेवढ्या किमतीचं सामान जप्त. तेही नाही जमलं तर वडिलांना साधी कैद.

हवालदारानं घरात नजर फिरवली. एक बाज, आवाज येणारा पण चित्र न दिसणारा टीव्ही. मग त्याला शेजारच्या खोलीतली घरघर ऐकू आली. मशीन चालू होतं आणि दारात बायका रव्याचे डबे घेऊन ओळीनं बसल्या होत्या.

"ताई, मशीन बंद करा. पंचनामा करायचाय."

आईनं मान वर केली नाही. "साहेब, पीठ मळून झालंय. आता थांबलं की आंबंल. लोकांचा रवा हाय, कुणाकुणाला भरून देऊ?"

"मग मी काय करू? काहीतरी न्यावंच लागंल मला."

ओळीत पहिली बसलेली शेजारची काकू म्हणाली, "मग भावजींना न्या की! नुसतेच बसून हायेत. मशीन कामाचं हाय."

वडील बाजेवर ताठ झाले. "वहिनी, मी एवढा सस्ता हाय व्हय?"

"सस्ते न्हाई वो. पण तुमच्यातनं शेवया पडत न्हाईत."

हवालदारानं हसू दाबलं आणि पंच शोधायला लागला. गडीमाणसं रानात. राहिल्या बायका. "आमचं पीठ आत हाय," काकू म्हणाली. "ते बाहेर आल्याबिगर आमी सही करायचो न्हाई."

शेवटी तो खुर्ची ओढून बसला. "हे डबे होऊ द्या. मग मशीन टेम्पोत. तोवर दंड भरलात तर मला काय मशीनची हौस न्हाई."

हे त्यानं बायकांसमोर बोलायला नको होतं. त्यांच्यातल्या एकीनं बचत गटाच्या ग्रुपवर टाकलं: संध्याकाळी मशीन जाणार, ज्यांच्या शेवया राहिल्यात त्यांनी ताबडतोब या.

मग जे झालं त्याला जत्राच म्हणायचं. ज्यांचा बेत पुढच्या आठवड्याचा होता त्या आल्या. वाड्यावस्त्यांवरून स्कूटीवर डबे आले. ओळ पार रस्त्यापर्यंत गेली. आईनं तेवढ्यात नियम काढला, "गेल्या साली ज्यांनी पैसे बाकी ठिवलेत त्यांचा डबा सगळ्यात शेवटी." जुनी उधारी पदरातून भराभर सुटायला लागली. कोर्टाला वसुलीसाठी हवालदार पाठवावा लागला, आईला नुसतं ओळीकडं बोट दाखवावं लागलं.

वडिलांनी बाह्या सारल्या आणि पीठ मळायला घेतलं. मी काठ्यांवर शेवया वाळत घालत होते. दुपारी लाईट गेली. हवालदारालाही घरी जायचं होतं. त्यानंच वायरमनला फोन लावला, "अहो, सरकारी काम अडलंय इथं!" लाईट आली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

दिवस कलला. आईनं पैशांचा डबा माझ्यापुढं ठेवला. "तू कॉलेजात हायेस, मोज." दोनदा मोजले. थोडे कमीच पडत होते. हवालदारानं टेम्पोवाल्याला फोन लावायला मोबाईल काढला. वडील कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "चला साहेब, मलाच घ्या आत."

"गप बसा भावजी," काकू म्हणाली आणि कनवटीच्या नोटा माझ्या हातात कोंबल्या. "हे माझे पुढच्या सालच्या शेवयांचे. तुमी पीठ बरं मळता, तुमाला न्हाई जाऊ द्यायचं आता."

हवालदारानं पैसे मोजून घेतले, पावती फाडली, मोटरसायकलला किक मारली.

दंड पूर्ण भरला. वडील एक दिवसही आत गेले नाहीत आणि मशीन जागचं हललं नाही. त्याच मशीनच्या पैशावर मी बी.कॉम. झाले, आमच्या घरातली पहिली.