बोलत चाला म्हणणारी सिस्टर

तेलगिरणीसमोर आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, एकदम खाली बसले. ओठ काळेनिळे, कपाळावर घाम, तोंडातून शब्द फुटेना. मी दहा पावलं मागे होते. पोचेपर्यंत मला वाटलं, संपलं.

कोणीतरी दवाखान्यातल्या सिस्टरला हाक मारली. ती आमच्याच गल्लीत राहायची. तिनं त्यांना आडवं होऊ दिलं नाही. माझ्या छातीशी टेकवून ताठ बसवलं आणि रिक्षा थांबवली. दवाखान्याच्या वाटेवर विचारलं, "मावशी, बोलायचे कधी थांबले?"

"रस्त्यानं ते माझ्याशी बोलतच न्हाईत," मी म्हणाले.



सिस्टर कळमनुरीकडच्या तांड्यातली. वसमतच्या दवाखान्यात नोकरी. आवाज मोठा, भीड कोणाची नाही. त्याआधी मालकांच्या हृदयाचं पंपिंग कमी झालं, पाय सुजले, तेव्हा मी त्यांना चार महिने बाजेवरून उठू दिलं नव्हतं. चपला पिठाच्या डब्यामागं लपवल्या होत्या. सिस्टरनं त्या हुडकून काढल्या. "काहून लोळवून मारता त्यायला? डॉक्टरनं चालायला सांगितलं हाय."

आधी दारापासून लिंबापर्यंत, मग हळूहळू पुढं. नियम एकच: "बोलत चाला. दम लागून वाक्य तुटलं की बसा." आम्ही दोघांनी मान डोलावली. पण आमच्यात बाप्या पुढं, बाई मागं. चारचौघांत नवरा-बायकोनं बोलणं म्हणजे लाज. हे तिला सांगायचीही आम्हाला लाज वाटली. त्या दिवशीही ते तेलगिरणीपर्यंत दम कोंडून मुकाट्यानं चालले, आणि मला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

दवाखान्यातून आठ दिवसांनी घरी आलो. मी म्हणाले, आता चालणं बंद. सिस्टर म्हणाली, "आता तुमी बराबरीनं चालायचं."

"लोक हसतील," मालक म्हणाले.

"हसू द्या. हसण्यानं कोणी मरत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या मागून चालू लागली. बोलायचं काय, ते सुचेना. मालकांनी आजवरच्या बैलांची नावं सांगायला सुरुवात केली. मध्येच आठवायला थांबले की मला वाटायचं, दम तुटला. मी त्यांचा दंड धरायची. मागून सिस्टर ओरडायची, "मावशी, सोडा की, चोर हाय का त्यो?"

पुढच्या वर्षी तिची बदली झाली. जाताना म्हणाली, "मावशी, भ्या, पण चाला." मी तिला साधा चहाही विचारला नाही. माझं लक्ष मालकांच्या श्वासाकडं होतं.

ती भीती कधी गेली नाही. मालक त्यानंतर नऊ वर्षं जगले.