इंजेक्शनच्या आधीचे प्रश्न

माझ्या नोकरीतले किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत. ऐकणारं कोणी भेटलं, की एकातून एक निघत जातात. नागपूरच्या एका हॉस्पिटलात मी वीस वर्षं हार्टच्या वॉर्डात सिस्टर होते. अटॅक आलेल्या माणसाला रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं, पण त्याआधी बरंच विचारून घ्यायचं, कारण त्यानंच मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. तेव्हा हातात वेळ थोडा असतो, आणि माणसं आपल्याच चालीनं बोलतात.

रामटेककडचं एक जोडपं स्कूटरवर आलं. बाई रडत होती, घामानं भिजलेली. अटेंडंटनं तिला व्हीलचेअरवरून आत आणलं, मी ईसीजीच्या तारा लावायला घेतल्या. तेवढ्यात नवरा स्कूटर स्टँडला लावून, छाती चोळत आला. म्हणाला, "मॅडम, तिले काहून निजवलं? दुखून तर मले राहिलं."

धरमपेठेतले एक कापडाचे व्यापारी. डॉक्टरांनी सगळं समजावलं, त्यांनी सही केली, हात पुढे केला आणि विचारलं, "गाठ विरघळून जाते कुठं?" डॉक्टरांनी सुई टोचली. नंतर मला म्हणाले, की इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

एका रिटायर्ड मास्तरांनी प्रत्येक प्रश्नाला नाही म्हटलं. ऑपरेशन नाही, डोक्याला मार नाही, लकवा नाही. सिरिंज भरून तयार होती. पडद्याबाहेरून बायको म्हणाली, "अहो, मागच्या महिन्यात तोंड वाकडं झालं होतं नं तुमचं?" मास्तर चिडले. ते हवेनं झालं होतं म्हणे. डॉक्टरांनी सिरिंज खाली ठेवली, लगेच अँजिओप्लास्टीला नेलं. वाचले. डिस्चार्जच्या दिवशी मुद्दाम माझ्याकडे येऊन सांगून गेले, की हवेनंच झालं होतं.

उमरेडचे दोन म्हातारे, दोघंही जुने विणकर. एकाच्या छातीत कळ, दुसऱ्यानं त्याला गाडीत धरून आणलेलं. फॉर्मवर त्या दुसऱ्याची सही घेताना मी नातं विचारलं. "शेजारी," तो म्हणाला. सही पाहिली तर आडनाव तेच, वडिलांचं नावही तेच. मी नात्यापुढे 'शेजारी'च लिहिलं.

इंजेक्शन दिलं. तासाभरात कळ गेली, ईसीजी सुधारला. मी पेशंटला सहज सांगितलं, की तुमचे शेजारी बाहेरच बसलेत.

ते छताकडे पाहत राहिले. "शेजारीच आहे. बारा वर्षांपासून मधात भिंत आहे."

मग त्यांनी दाराकडे मान वळवली.

"सकाळपासून उपाशी असंल. जेवला का, विचारा त्याले."